सोनी बॉडीवर सिग्मा-टॅमरॉन घ्यावी का? लग्नाची कामं करणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्याकडे लग्नाची कामं करणारे एक फोटोग्राफर आहेत. बॉडी सोनी ए७ फोर, सोबत आलेली २८-७० मिमीची किट लेन्स (आकडा लहान तितकं दृश्य रुंद). लग्नसराईच्या आधी एक एफ २.८ ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी मधली झूम घ्यायची आहे आणि जमलं तर एक लांब झूम. ओळखीचे स्टुडिओवाले सांगतात, "कंपनीचीच घे, बाहेरची घेतलीस तर पस्तावशील." दुकानदार मात्र टॅमरॉन पुढे करतो. (टॅमरॉन आणि सिग्मा या इतरांच्या बॉडींसाठी लेन्स बनवणाऱ्या कंपन्या.) धाकटा भाऊ कॅनन आर६ वर काम करतो, त्यालाही हेच विचारायचं आहे.

माझा पुण्यात कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देण्याचा व्यवसाय आहे आणि त्याआधी मी स्वतः बरीच वर्षं लग्नं शूट केली. सगळ्या कंपन्यांच्या लेन्स माझ्याकडून बाहेर जातात, हळद-गुलाल लागून परत येतात. त्यामुळे नवी असताना लेन्स कशी आहे याच्याइतकंच दोन लग्नसराया काढल्यावर तिचं काय होतं, हेही मला पाहायला मिळतं.

उत्तर आधी सांगून टाकतो. ए७ फोरवर लग्नाच्या कामासाठी सोनीची २४-७० जीएम टू (महागड्या जीएम मालिकेतली दुसरी आवृत्ती) घेण्याची तुम्हाला गरज नाही. साधारण निम्म्या किमतीत सिग्माची २४-७० आर्ट मिळते, टॅमरॉनची २८-७५ त्याहून स्वस्त. यातली एक घ्या, उरलेले पैसे लांब झूममध्ये घाला. भावाला मात्र हेच उत्तर लागू होत नाही, कारण त्याच्या माउंटची, म्हणजे बॉडीवर लेन्स जिथे बसते त्या जोडाची, गोष्ट वेगळी आहे. लेन्सवर कोणाचं नाव आहे यापेक्षा तुमच्या बॉडीच्या कंपनीने आपलं माउंट इतरांसाठी किती उघडलंय आणि लेन्स बिघडली तर ती कोण दुरुस्त करणार, या दोन गोष्टींवर आज निर्णय ठरतो. फोटोचा दर्जा हा मुद्दा आता जवळपास मिटलेला आहे.

स्टुडिओवाल्यांची भीती खोटी नाही, फक्त जुनी आहे. फिल्मच्या आणि डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या) काळात कॅनन, निकॉन आपल्या माउंटची माहिती बाहेर देत नसत. बॉडी आणि लेन्समध्ये कोणते सिग्नल जातात-येतात ते इतर कंपन्या स्वतः तपासून शोधायच्या आणि त्यावर आपली चिप बनवायच्या. मग नवी बॉडी आली की कधी कधी सगळं अडायचं. फिल्मच्या काळातल्या कॅननच्या ईएफ माउंटसाठीच्या सिग्माच्या कितीतरी लेन्स डिजिटल कॅननवर लावल्या की अॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) लहान करतानाच एरर देत. चिप बदलून घेण्याशिवाय इलाज नव्हता. दुसरं दुखणं फोकसचं होतं. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा आणि चित्र टिपणारा वेगळा. दोघांत जरा फरक पडला की डोळ्यांऐवजी कान शार्प यायचे. कंपनीच्या लेन्सलाही हे व्हायचं, बाहेरच्यांना जास्त. सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल त्यासाठीच आले. लेन्स संगणकाला जोडायची आणि फोकस थोडा पुढे-मागे सरकवायचा.

मिररलेस बॉडी (आरसा नसलेली, तुमच्या ए७ फोरसारखी) चित्राच्याच सेन्सरवर फोकस मोजते, त्यामुळे हे दुसरं दुखणं मुळातूनच गेलं. पहिल्यावर सोनीने २०११ मध्ये उपाय केला. आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती करार करून, फी न घेता इतर कंपन्यांना द्यायला सुरुवात केली. शिवाय टॅमरॉन कंपनीत सोनीचा हिस्साही आहे. म्हणून सोनीवर चालणारी आजची सिग्मा किंवा टॅमरॉन ही "बाहेरची" असली तरी चोरवाटेने आलेली नाही. ती सोनीच्या माहितीवर, सोनीच्या परवानगीने बनलेली आहे.

आणि या कंपन्या काही काल उगवलेल्या नाहीत. टॅमरॉनची सुरुवात १९५० ची, सिग्माची १९६१ ची. सिग्माचं उत्पादन जपानमध्येच, फुकुशिमा प्रांतातल्या आइझूच्या कारखान्यात होतं. निकॉनच्या झेड माउंटची स्वतःच्या नावाची २८-७५ एफ २.८ पाहा. आत १२ गटांत १५ काचा, आणि टॅमरॉनच्या सोनीसाठीच्या पहिल्या २८-७५ मध्येही १२ गटांत १५ काचा. फोकल लेंग्थ तीच, अॅपर्चर तेच. कोणाची रचना कोणाच्या नावाने विकली जाते, हे जाणकारांना सांगावं लागत नाही. "कंपनीची" हा शब्द हल्ली इतका सैल झाला आहे.

आता तुमच्या कामाकडे येतो.

फोटोच्या दर्जाबद्दल: एफ २.८ वर, मधल्या भागात, तिन्ही लेन्सच्या फोटोंत फरक दाखवा म्हटलं तर मलाही नाव न बघता सांगता येणार नाही. कडांना जीएम टू थोडी उजवी आहे, पण लग्नाच्या फोटोत कडेला मांडवाचा पडदा असतो. फरक दिसतो तो प्रकाश समोरून आला की. हल्ली स्टेजच्या मागे एलईडी वॉल असते, वर चमकणारे लाइट, आणि नवरा-नवरीची एंट्री धुरातून होते. तेव्हा काचेवरच्या कोटिंगचा कस लागतो. त्यातही सिग्मा आणि टॅमरॉनच्या नव्या आवृत्त्या चांगल्या आहेत. मात्र लेन्स ज्या कोनातून घ्याल त्या कोनातून तिचा फ्लेअर (समोरच्या प्रकाशाने येणारे डाग, धुरकटपणा) कसा येतो, ते एका कामाच्या आधी समजून घ्या. आणि स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावून ठेवत असाल तर तो एंट्रीच्या वेळी काढा. सव्वा लाखाच्या लेन्सपुढे तीनशे रुपयांची काच लावून "लेन्स धुरकट देते" म्हणणारे माझ्याकडे येतच असतात.

ऑटोफोकसमध्ये आवृत्ती पाहणं फार महत्त्वाचं आहे, ब्रँड पाहण्याहून जास्त. सिग्माची २०१९ ची २४-७० आर्ट स्टेपिंग मोटरवर चालते, २०२४ च्या दुसऱ्या आवृत्तीत जास्त चपळ लिनिअर मोटर आली. टॅमरॉनची २०१८ ची २८-७५ सुद्धा स्टेपिंगवर होती, २०२१ च्या जी२ मध्ये लिनिअर आली. सोनी जीएम टूमध्ये चार लिनिअर मोटरी आहेत. नवरी चालत येतेय, तुम्ही तिच्यासमोर मागे-मागे सरकताय आणि तिच्या डोळ्यांवर फोकस धरून ठेवायचाय, अशा ठिकाणी जुन्या आणि नव्या मोटरीचा फरक जाणवतो. नव्या सिग्मा किंवा टॅमरॉन जी२ आणि जीएम टू यांच्यात तो ए७ फोरवर मला कामात जाणवलेला नाही. दुकानदार जुनी २८-७५ "स्टॉक क्लिअर" म्हणून स्वस्तात देत असेल तर मोह आवरा. बॉक्सवर जी२ लिहिलेलं आहे ना, ते पाहूनच पैसे द्या.

काही गोष्टी मात्र सोनीने स्वतःच्या लेन्ससाठीच राखून ठेवल्या आहेत आणि त्या तुम्हाला लागतात का, ते एकेक करून पाहायला हवं. ए१, ए९ मालिकेच्या बॉडींवर इतर कंपन्यांच्या लेन्सना सेकंदाला १५ फ्रेमची मर्यादा आहे. सोनीच्या लेन्सना ती नाही. हा मुद्दा यूट्यूबवर फार गाजतो, पण तुमची ए७ फोर मुळातच सेकंदाला १० फ्रेम देते. म्हणजे ही मर्यादा तुमच्यापर्यंत पोचतच नाही. टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) फक्त सोनीच्या निवडक लेन्सवर बसतो. लग्नात तो कोण लावतो? ताडोबात वाघ टिपणाऱ्याने मात्र याचा विचार करूनच ठरवावं. तिसरी गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. ए७ फोरमध्ये फोकस ब्रीदिंग कमी करण्याची सोय आहे, ती फक्त सोनीच्या लेन्सवर चालते. व्हिडिओत फोकस नवरीवरून मागे उभ्या आईवर नेला की चौकट किंचित आत-बाहेर होते, ते ही सोय थांबवते. तुम्ही सिनेमॅटिक व्हिडिओसुद्धा स्वतःच करत असाल आणि असे फोकस बदल वारंवार घेत असाल, तर जीएमकडे वळायला हे एकमेव पटण्याजोगं कारण आहे. स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) मात्र तिन्हींपैकी एकाही लेन्समध्ये नाही, सगळ्याच बॉडीवर अवलंबून आहेत. त्यामुळे "कंपनीच्या लेन्समध्ये स्टॅबिलायझर असतो" असं कोणी सांगितलं तर या बाबतीत ते खरं नाही.

मग सिग्मा की टॅमरॉन? इथे जरा थांबायला हवं, कारण लोक किंमत बघून निवडतात आणि नंतर ४ मिलिमीटरसाठी हळहळतात. हिशोब करून पाहा. स्टेजपासून तीन मीटरवर उभे राहिलात तर २४ मिमीला चौकटीत साडेचार मीटर रुंदी मावते, २८ ला सुमारे ३.९ मीटर. हा फरक साठ सेंटिमीटरचा, म्हणजे ग्रुप फोटोत कडेला उभ्या असलेल्या एका माणसाएवढा. मोठ्या लॉनवर तुम्ही दोन पावलं मागे सराल. पण गावाकडे हळद घरातल्याच खोलीत लागते, मागे भिंत असते, आणि आत्या, मावशी, काकू सगळ्यांना चौकटीत यायचं असतं. अशी कामं जास्त असतील तर २४ घ्या, म्हणजे सिग्मा. वजनात टॅमरॉन जी२ फक्त ५४० ग्रॅम, सिग्माची पहिली आवृत्ती ८३० च्या आसपास आणि दुसरी साधारण ७४०, जीएम टू ६९५. सकाळी देवक बसवण्यापासून रात्री पाठवणीपर्यंत कॅमेरा गळ्यात असतो, तेव्हा हे तीनशे ग्रॅम मानेला नक्की कळतात.

टॅमरॉनचा आणखी एक गुण म्हणजे रुंद टोकाला ती सेन्सरपासून १८ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते. मंगळसूत्राच्या वाट्या, अंगठ्या, मेंदीतलं नाव शोधणं, सगळं त्याच लेन्सवर होतं, वेगळी मॅक्रो काढावी लागत नाही. फक्त लक्षात ठेवा, इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचं टोक वस्तूपासून चार-पाच सेंटिमीटरवर येतं आणि हुडची सावली थेट दागिन्यावर पडते. हुड काढा आणि प्रकाश बाजूने येऊ द्या. फिल्टरचंही पाहा. टॅमरॉनच्या ई-माउंटच्या १७-२८, २८-७५, ७०-१८० या तिन्ही झूमना ६७ मिमीचाच फिल्टर लागतो. सिग्मा २४-७० आणि जीएम टू, दोन्हींना ८२ चा. चांगला एनडी (प्रकाश कमी करणारा) फिल्टर घेताना हा फरक खिशाला कळतो.

झूम रिंग फिरवण्याची दिशा ही छोटी गोष्ट कोणी सांगत नाही. कॅनन आणि सिग्माच्या रिंग एका दिशेने फिरतात, निकॉन आणि टॅमरॉनच्या त्याच्या उलट. अंतरपाट खाली जातो, अक्षता पडतात, हार घातले जातात, हे सगळं मोजक्या सेकंदांत उरकतं. तेव्हा हात सवयीने फिरतो, विचार करून नाही. चेहऱ्यांवर जायचं असताना चौकट रुंद झाली की तो क्षण गेला. दुकानात तुमची किट लेन्स बरोबर न्या, दोन्हींच्या रिंग फिरवून पाहा. एक मधली आणि एक लांब अशा दोन झूम घेणार असाल तर त्या दोघींची दिशा एकच असेल असं पाहा.

आता दुरुस्ती. इथे कंपनीची लेन्स आणि इतर यांच्यात खरा फरक आहे, आणि दुकानात यावर कोणी बोलत नाही.

लेन्स बिघडते ती काचेने क्वचितच. पडल्यावर हुड तुटतो, फिल्टरचे आटे दबतात, माउंटचे स्क्रू सैल होतात. २४-७० जातीच्या झूम लांब-आखूड होतात, त्यामुळे आतली चपटी केबल दर वेळी दुमडते आणि वापर जास्त झाला की एक दिवस अॅपर्चर किंवा फोकस काम करायचं थांबतं. हे प्रत्येक ब्रँडला होतं. हळद हा आपल्याकडचा वेगळा शत्रू. तिची पूड इतकी बारीक असते की बाहेर आलेल्या नळीवर बसते आणि झूम मिटवताना आत ओढली जाते. माउंटभोवतीचं काळं रबर धूळ अडवतं, नळीच्या सांध्यात मात्र बचाव मर्यादित असतो. हळदीच्या कार्यक्रमानंतर लेन्स पूर्ण लांब करून आधी मऊ ब्रशने झटका, मगच मिटवा. ओल्या कपड्याने पुसू नका, हळद पाणी लागली की सांध्यात चिकटते.

अशी लेन्स दुरुस्तीला द्यायची वेळ आली की बॉडीच्याच कंपनीची असेल तर मुंबई-पुण्यात अधिकृत सर्व्हिस सेंटर सापडतं. बॉडी आणि लेन्स एकत्र देता येतात आणि "दोष दुसऱ्याचा आहे" असं ऐकावं लागत नाही. इतर कंपन्यांच्या लेन्स बऱ्याचदा वितरकामार्फत जातात आणि सुटा भाग हाताशी नसेल तर वाट पाहावी लागते. बाहेरच्या कारागिराकडे जुन्या कॅनन-निकॉनचे भाग मोडीतल्या लेन्समधून मिळतात, नव्या ई-माउंट लेन्सचे तितके मिळत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी दुकानदाराला विचारा: ही लेन्स दुरुस्तीला कुठे जाते, पावती कोणाच्या नावाने मिळते, वॉरंटी भारतातल्या वितरकाची आहे का? मुंबईच्या बोरा बाजारात जीएसटी बिलाशिवाय दहा-पंधरा टक्के कमीत मिळते म्हणून ग्रे मार्केटची (अधिकृत वितरकाकडून न आलेली) लेन्स घेतली, तर सिग्मा-टॅमरॉन घेऊन वाचवलेले पैसे पहिल्याच बिघाडात जातात. ग्रेची लेन्स अधिकृत सेंटर हातात घेईलच असं नाही. बिलावर लेन्सचा सिरीयल नंबर लिहून घ्या.

कोकणात किंवा पावसाळ्यात काम असेल तर बुरशीचा प्रश्न सगळ्यांना सारखाच आहे. ब्रँड त्यात काहीच करत नाही. ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा.

पुन्हा विकण्याबद्दल: सोनीची जीएम लवकर विकली जाते आणि तिच्यासाठी फोन जास्त येतात. पण टक्क्यांकडे पाहू नका, रुपये मोजा. महाग लेन्सचे पंचवीस टक्के उतरले तर ती रक्कम स्वस्त लेन्सच्या चाळीस टक्क्यांहूनही मोठी असू शकते.

फर्मवेअरबद्दल एकच सूचना. सोनीने बॉडीचं नवं अपडेट काढलं की लग्नाच्या आदल्या रात्री ते टाकू नका. इतर कंपन्यांच्या लेन्सना त्याला जुळणारं अपडेट यायला कधी कधी वेळ लागतो. सिग्माची लेन्स बॉडीमार्फतच अपडेट होते, टॅमरॉन जी२ ला स्वतःचं यूएसबी-सी पोर्ट आहे.

लांब झूममध्ये निवड वेगळ्या कारणाने होते. सोनीची ७०-२०० जीएम टू १०४५ ग्रॅमची आहे, झूम करताना लांब होत नाही आणि खरंच अप्रतिम आहे. सिग्माची ७०-२०० स्पोर्ट्सही लांब होत नाही, पण १३३५ ग्रॅमची. टॅमरॉनची ७०-१८० जी२ ८५५ ग्रॅमची, स्टॅबिलायझर असलेली, फक्त लांब होणारी. त्यातली जी पहिली ७०-१८० आहे तिच्यात स्टॅबिलायझर नाही, हे सेकंडहँड घेताना पाहा. तुमच्यासाठी मी टॅमरॉन जी२ सुचवीन, कारण लग्नात १८० आणि २०० मधला फरक एका पावलाचा आहे.

किंवा दोन्हींऐवजी एकच वेगळी वाट आहे: टॅमरॉनची ३५-१५० एफ २-२.८. ११६५ ग्रॅमची जड लेन्स, पण सोनी स्वतः अशी लेन्स बनवत नाही. विधी सुरू असताना लेन्स बदलायची गरज उरत नाही आणि ३५ वर एफ २ मिळतो, अंधाऱ्या हॉलमध्ये त्याचा मोठा आधार होतो. रुंद बाजूला मग १७-२८ किंवा एखादी २० मिमीची प्राइम (झूम न होणारी लेन्स) लागेल. माझ्याकडे लग्नसराईत सगळ्यात आधी बुक होते ती हीच लेन्स. सिग्माची २८-४५ एफ १.८ सुद्धा अशीच, बॉडीवाल्या कंपन्यांनी न बनवलेली. "स्वस्तातला पर्याय" म्हणून या लेन्सकडे पाहिलंत तर त्यांचा मूळ उपयोगच हातचा जाईल.

कोणतीही घ्या, पहिल्याच दिवशी तपासा. एकाच लेन्सच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात, झूममध्ये तर नाहीच, आणि हे सगळ्या ब्रँडना लागू आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दूरची एखादी इमारत घ्या, सर्वांत मोठ्या अॅपर्चरवर, दोन सेकंदांचा टायमर लावून. इमारतीची एकच खिडकी आळीपाळीने चौकटीच्या चारही कोपऱ्यांत आणून, प्रत्येक वेळी तिच्यावर फोकस करून फोटो घ्या. २४, ५० आणि ७० अशा तिन्ही ठिकाणी. मग स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून चारही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवा. चारही सारख्याच थोड्या मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. तीन शार्प आणि एक धूसर असेल तर काच तिरकी बसलेली आहे, लगेच बदलून मागा. दुकानातून बाहेर पडण्याआधी बदलीच्या मुदतीबद्दल बोलून घ्या, नंतर सगळेच हात वर करतात.

आता भावाबद्दल. कॅननने २०१८ मध्ये आरएफ माउंट आणलं आणि ते बंद ठेवलं. २०२२ मध्ये व्हिलट्रॉक्स या चिनी कंपनीला आपल्या ऑटोफोकस आरएफ लेन्स विकणं थांबवावं लागलं, कारण कॅननने पेटंटचा मुद्दा उपस्थित केला. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना परवाना मिळाल्याचं जाहीर झालं, पण ज्या लेन्स आल्या त्या एपीएस-सी या लहान सेन्सरसाठीच्या. सिग्माची १८-५० एफ २.८ त्यातलीच. आर६ फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरची) आहे, त्यामुळे ही लेन्स लावली तर चित्राचा मधलाच भाग वापरला जाईल आणि वीस मेगापिक्सेलचे आठच उरतील. तो मार्ग बंद समजा. त्याच्यापुढे दोन रस्ते आहेत. कॅननची आरएफ २८-७० एफ २.८ एसटीएम, ४९५ ग्रॅम, स्टॅबिलायझर असलेली आणि कॅननच्या महागड्या एल मालिकेपेक्षा बरीच स्वस्त. किंवा ईएफ ते आरएफ अडॅप्टर घेऊन जुन्या ईएफ माउंटच्या लेन्स. कॅननच्या स्वतःच्या ईएफ लेन्स अडॅप्टरवर अगदी बिनतक्रार चालतात आणि २४-७० एफ २.८ एल टू सेकंडहँड बाजारात भरपूर आहे. ईएफ माउंटच्या सिग्मा-टॅमरॉनही बसतात, पण घेण्याआधी त्याच्याच बॉडीवर तासभर चालवून, डोळ्यांवर फोकस नीट धरते का ते पाहून मगच व्यवहार करायचा. अडॅप्टर मात्र कॅननचाच घ्यायला सांगा. तिथे थोडे पैसे वाचवायला जाऊ नये, कारण लेन्सचं सगळं वजन आणि सगळे सिग्नल त्याच्यातूनच जातात.